स्तोत्रांचा पेनड्राइव्ह

आमच्या फिजीत नातलगाने 'केरेकेरे' म्हणून काही मागितलं की नाही म्हणता येत नाही. त्यात अपाकुकी माझा मामेभाऊ, म्हणजे माझी थट्टा करायचा त्याला जन्मजात हक्क. त्या सकाळी तो पेनड्राइव्ह घेऊन दवाखान्याच्या दारात उभा. चर्चसाठी स्तोत्रं छापून हवी होती. बाहेरचं काही कॉम्प्युटरला लावू नये, ही सूचना भिंतीवर मीच चिकटवलेली. तीच त्याला दाखवली.

"देवाच्या गाण्यांनाही खरूज होते का गं, नर्सबाई?"

मी हसले आणि लावला.

आत खाटेवर उलामिला होती. आठवा महिना, रक्तदाब एकशे सत्तर. मोठ्या बेटावरच्या डॉक्टरांना मी कळवलं होतं आणि बोटीच्या निरोपाची वाट बघत होते, ह्याच कॉम्प्युटरवर.

स्तोत्रांची फाइल उघडली, पण आत काही दिसेना. मग बाकीच्या फाइलींची नावं बदलू लागली. लसीकरण गेलं. बाळंतपणं गेली. कुणीतरी घरात शिरून न बोलता एकेका खोलीला कुलूप घालत चाललं होतं. शेवटी पडद्यावर मजकूर आला: पैसे भरा, मग किल्ली देऊ. दर शुक्रवारी सगळ्याची नक्कल वेगळी काढून ठेवायची असते. मी मे महिन्यानंतर काढलीच नव्हती.

असं झालं तर आधी इंटरनेटची वायर ओढा, असं शिकवलं होतं. ओढली तर बोटीचा निरोप कसा येणार? नाही ओढली तर ही कीड थेट हॉस्पिटलात, जिथे उलामिलाला न्यायचं. ओढली.

मोबाइल फक्त टेकडीवर लागतो. उलामिलाजवळ अपाकुकीला बसवून मी चढत सुटले. वाटेत खोटं जुळवत होते, की कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. वीस वर्षांची नोकरी होती माझी.

फोनवर हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाने एवढंच विचारलं, बाहेरचं काही लावलं होतं का. त्यावरून त्यांची यंत्रं थांबवायची की नाही ते ठरणार होतं.

"लावलं," मी म्हटलं. "मीच."

डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं आणि बोट निघतेय म्हणाले.

खाली येऊन सुई टोचली. अपाकुकीला विचारलं, हा आणखी कुठे लावलास? तो हळूच म्हणाला, "शाळेत. काल." त्याला वायर ओढायला पळवलं. थट्टा विसरून तो धावला.

बोट दिसली तेव्हा सोबत द्यायला मी कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहीत होते. औषधं, तारखा. रक्तगटापाशी पेन थांबलं. उलामिलाला विचारलं. तिलाही ठाऊक नव्हता.

आठवतोय असं वाटत होतं. तरी ती जागा मी कोरीच ठेवली.