चिमटा लावलेली केटली

मित्रांनो, मी एक जुनी विजेची केटली आहे. पुढे ऐकण्याआधी नाकाला रुमाल लावलात तरी चालेल. माझ्या झाकणाखाली उकडलेल्या अंड्यांचा वास आहे, त्याच्याखाली तिखट नूडल्सचा, त्याच्याखाली करपलेल्या दुधाचा, आणि अगदी तळाशी कसला आहे ते मी स्वतःलाही विचारत नाही. मी जन्माने अशी नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहिलं की लोक नाक मुरडतात आणि दोष मलाच देतात.

मी ज्या कारखान्यात तयार झाले तिथे मला तपासणाऱ्या बाई हातात पांढरे मोजे घालायच्या. त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं, तर त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. त्यांनी केसांची बट कानामागे सारली आणि मला खोक्यात ठेवलं. इतकी मी लख्ख होते. माझं काम एकच होतं. पाणी घ्यायचं, उकळायचं, आणि उकळलं की टक् आवाज करून आपलं आपण बंद व्हायचं. बंद व्हायचं हे मला कुणी सांगावं लागत नसे. त्याचा मला फार अभिमान होता.

मला विकत घेतलं ते एका परिचारिकेने. तिची मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात राहायला निघाली होती. घरात सगळ्यात लहान म्हणून तिला छोटी म्हणत. या छोटीला शेंगदाणा चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे आवडत नव्हता असं नव्हे. दाण्याचा कण जरी तोंडात गेला तरी तिचे ओठ सुजायचे, घसा आतून आवळायचा आणि श्वास अडकायचा. लहानपणी दोनदा तिला उचलून दवाखान्यात पळावं लागलं होतं. तिच्या आईने मला दोनदा पाणी उकळून धुतलं, कोरड्या फडक्याने पुसलं आणि माझ्या पोटावर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर ‘फक्त पाणी’ असं लिहिलं.

“हिच्यात दुसरं काही घालायचं नाही,” ती छोटीला म्हणाली. “इंजेक्शनचं पेन बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहे. आणि सोबतच्या मुलींना पहिल्याच दिवशी सगळं सांग.”

“सांगते गं आई,” छोटी म्हणाली.

तिने सांगितलं नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता, पण कारण कळल्यावर राग कुठे ठेवायचा ते कळेना. आदल्या वर्षी बारावीच्या वसतिगृहात तिने प्रामाणिकपणे सगळं सांगितलं होतं, आणि तिथल्या मुलींनी तिचं नाव ‘काचेची बरणी’ ठेवलं होतं. ती जेवायला आली की त्या आपापली ताटं उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसायच्या आणि खिदळायच्या. त्यामुळे नव्या घरात तिने ठरवून टाकलं की ‘चालत नाही’ असं म्हणायचंच नाही. ‘आवडत नाही’ म्हणायचं, पाकिटामागची बारीक अक्षरं गुपचूप वाचायची आणि आपला जीव आपण सांभाळायचा.

ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक चिंचोळा ओटा, आणि त्याला लागून मोरी. घरमालकीणबाईंना आगीची भीती, म्हणून गॅस ठेवायला बंदी. छोटीसोबत आणखी दोघी राहायच्या. एक शेवटच्या वर्षाला होती, दाराची कडी लावली का ते तीन वेळा बघायची, तिला सगळ्या ताई म्हणत. दुसरीला स्वयंपाकाचं भलतंच वेड. वेड होतं, हात धुवायची सवय मात्र नव्हती. तिला शेफ म्हणत.

पहिले पंधरा दिवस माझे फार चांगले गेले. सकाळी चहाचं पाणी, दुपारी कॉफीचं, कुणाचा घसा बसला तर गुळण्यांचं. ताई एकदा माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, “ही नसती तर परीक्षेत माझं काही खरं नव्हतं.” मी इतकी हुरळून गेले की त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर उकळले.

सोळाव्या दिवशी शेफने माझ्यात तीन अंडी टाकली.

अंडी कुठून येतात हे मला बोलायला लावू नका. धुतलीसुद्धा नव्हती. एकाला पीस चिकटलेलं होतं. वर पाणी ओतून, झाकण लावून ती मला म्हणाली, “चल, दाखव तुझी कमाल.” मी उकळले आणि बंद झाले. दहा मिनिटं झाकण तसंच राहू दिलं की अंडी आतून घट्ट होतात, हा शोध तिला त्या दिवशी लागला. मग काय विचारता. दुसऱ्या दिवशी नूडल्स, तिसऱ्या दिवशी बारीक चिरलेले बटाटे, चौथ्या दिवशी ओट्स. ओट्स म्हणजे तर खळ. माझ्या अंगाला सगळीकडून चिकटले आणि चोचीत जाऊन वाळले. ती मला धुवायची म्हणजे काय करायची, तर अर्धा पेला पाणी ओतून हलवायची आणि मोरीत उपडी करायची. ‘फक्त पाणी’ची पट्टी या प्रकारांच्या पहिल्याच आठवड्यात भिजून सुटली. शेफने ती नखाने खरवडून काढली. छोटी तिथेच उभी होती. तिने तोंड उघडलं, मग मिटलं, आणि स्वतःसाठी पाण्याच्या बंद बाटल्या आणायला लागली.

किळस येण्यासारखं पुष्कळ झालं, पण अपमान झाला तो चिमट्याने. नूडल्स नीट शिजायच्या आत मी उकळून बंद व्हायची, आणि शेफला परत परत बटण दाबायचा कंटाळा यायचा. म्हणून तिने कपडे वाळत घालायचा एक चिमटा आणला आणि माझ्या बटणावर असा बसवला की ते वर उचललंच जाऊ नये. मित्रांनो, कुणी तुमचं तोंड दाबून धरलं आणि वर तुम्हाला शाबासकी दिली तर कसं वाटेल? मी आतून तडफडत असायची, बटण वर यायला धडपडायचं, आणि चिमटा त्याला खाली दाबून बसलेला. दूध उतू जाऊन माझ्या बुडाखाली गेलं, करपलं, आणि शेफ म्हणाली की घरात मस्त खमंग वास सुटलाय.

एकदा तर त्यांनी पायांचे केस काढायच्या मेणाचा डबा माझ्यात ठेवून वितळवला. याबद्दल मी यापेक्षा जास्त बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने त्याच माझ्यातून चहा घेतला आणि साखर कमी पडली म्हणाली.

रविवारी दुपारी या तिघींची मजा असायची. कधी भिंतीवर चादर लावून सिनेमा, कधी जुन्या कपांवर रंगकाम, कधी पत्ते. पण सगळ्यात आवडता खेळ शेफने काढलेला. तिने माझ्यात काहीतरी शिजवायचं, एकीचे डोळे टॉवेलने बांधायचे, चमचाभर चाखवायचं, आणि आत काय काय आहे ते तिने ओळखायचं. जी खेळणार नाही तिने आठवडाभर भांडी घासायची. छोटी दर वेळी गुण लिहायची वही धरून बसायची, आणि मग निमूटपणे भांडी घासायची. तेवढाच माझ्या अंगाला साबण लागायचा. ती मला घासायची तेव्हा मी स्वच्छ असायची, पण ती माझ्यातलं पाणी प्यायची नाही.

त्या रविवारी शेफ दुकानातून एक बरणी घेऊन आली. सूप घट्ट व्हायला काहीतरी हवं होतं, म्हणून शेंगदाण्याचं लोणी आणलं होतं. मी ओट्यावर होते आणि छोटी आतल्या खोलीत शिंकत होती. चार दिवस तिला सर्दी होती, नाक पार बंद. शेफने माझ्यात पाणी घातलं, शिजलेला बटाटा कुस्करून घातला, मक्याचे दाणे घातले, आणि त्या बरणीतले दोन मोठे चमचे घातले. ओळखणारीला दिसू नये म्हणून बरणी कपाटात मागे सरकवली. मग चिमटा लावला.

ते लोणी तळाशी जाऊन बसलं आणि जळायला लागलं. मी बंद व्हायचा जेवढा प्रयत्न त्या दिवशी केला तेवढा आयुष्यात कधी केला नव्हता. बटण थरथरलं, अर्ध्या केसाइतकं वर आलं, चिमट्याने परत दाबलं. मी बंद पडले असते तर सूप झालंच नसतं. झालं ते मीच उकळलेलं होतं.

“आज छोटीची पाळी,” ताई म्हणाली. “दर वेळी पळतेस. आज नाही सोडणार.”

“काय आहे त्यात?” छोटीने विचारलं.

“तेच तर ओळखायचंय,” शेफ म्हणाली.

छोटीने एकच वाक्य बोलायला हवं होतं. सांगितलं असतं तर दोघी आपल्याकडे कशा बघतील, हेच तिच्या मनात आलं असणार. ती हसली आणि तिने टॉवेल बांधून घेतला. शेफने माझ्यातून चमचा भरला, फुंकर मारली आणि तिच्या ओठांना लावला.

“बटाटा,” छोटी म्हणाली. “मका.” मग ती खोकली. परत खोकली. टॉवेल ओढून काढला तेव्हा तिचा वरचा ओठ एका बाजूने फुगला होता. ताईला वाटलं ठसका लागला, ती पाठ चोळायला लागली. छोटी हाताने आतल्या खोलीतल्या आपल्या बॅगेकडे दाखवत होती आणि आवाज फुटत नव्हता. ताई धावली, बॅग आणली, अख्खी बॅग जमिनीवर ओतली, तेव्हा छोटीने पेनावर बोट ठेवलं. इंजेक्शनचं पेन हातात धरून ती त्यावरच्या सूचना मोठ्याने वाचत होती आणि तिचं वाक्य दोनदा चुकलं. मग तिने ते छोटीच्या मांडीवर दाबलं. शेफ फोनवर पत्ता सांगत होती. ती स्वतःच्या घराचा मजला विसरली. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली, तिघी गेल्या आणि दार धाडकन लागलं.

कुणीतरी जाता जाता माझी वायर उपटली होती. मी ओट्यावर राहिले, आणि माझ्यात ते सूप. ते निवलं. त्यावर साय धरली. ती साय सुकून तिला भेगा पडल्या, वर एक माशी येऊन बसली. मित्रांनो, मला आयुष्यात अनेक गोष्टींची किळस आली आहे, पण त्या वेळी आली ती माझी मलाच. जिच्यासाठी मला आणलं होतं, तिचाच श्वास माझ्यातल्या घासाने अडवला होता, आणि ती जगली की नाही हे मला सांगायला घरात कुणी नव्हतं. ती रात्र गेली. दुसरा दिवस गेला.

संध्याकाळी कुलूप उघडलं. मी पावलं मोजली. तिघींची होती. छोटीचा चेहरा उतरला होता, मनगटावर दवाखान्याची पट्टी होती, पण ती आपल्या पायांनी चालत आली आणि खुर्चीवर बसली. माझा जीव भांड्यात पडला म्हणायचं, तर भांडंही मीच.

“तू बोलली का नाहीस?” शेफने विचारलं. ती रडून रडून लाल झाली होती.

“तुम्ही ताटं उचलाल म्हणून,” छोटी म्हणाली. मग तिने वसतिगृहाचं सगळं सांगितलं. ताई उठली, आपली खुर्ची ओढत आणली आणि तिला खेटून बसली. शेफ ओट्याकडे वळली. तिने चिमटा मोडून कचऱ्यात टाकला, मला मोरीत घेतलं आणि घासायला बसली. लिंबू लावलं, व्हिनेगर लावलं, दात घासायचा ब्रश माझ्या चोचीत घातला. तासभर घासत होती. मी पुन्हा चकाकले. तरीही ती छोटीला म्हणाली, “तू हिच्यातलं काही घेऊ नकोस. फटीत कुठे कण राहिला असेल तर मला कळणार नाही.”

बरोबरच होतं ते. वाईट मात्र वाटलं. दुसऱ्या दिवशी छोटीसाठी नवी केटली आली. ती आतल्या खोलीत असते, तिच्यात पाण्याशिवाय काही जात नाही. मी ओट्यावरच आहे. अंडी, बटाटे, नूडल्स, जे काही नशिबात आहे ते सगळं. किळस गेलेली नाही, जाणारही नाही. अंडं ते अंडंच.

मित्रांनो, मला रोज घासा, हे तर मी मागणारच. खाण्याचं भांडं घासायचा आळस करू नका. बंद व्हायला बघणाऱ्या वस्तूला जबरदस्तीने चालू ठेवू नका. पण घासूनही जे निघत नाही, ते आधी विचारल्याने टळतं. आणि समोरच्याने खरं सांगितलं तर आपलं ताट घेऊन लांब जाऊ नका.

परवा ताईची एक वर्गमैत्रीण जेवायला आली होती. शेफने माझ्यात सूपसाठी दूध ओतलं होतं, बटण दाबायला हात पुढे केला होता, तेवढ्यात ती थांबली.

“तुला काय चालत नाही?” तिने विचारलं.

“तसं काही नाही,” मुलगी म्हणाली.

छोटी तिच्या शेजारी येऊन बसली. “तसं काही नाही, हे मीही म्हणायचे. नीट सांग.”

मुलगी ओशाळली. “दूध,” ती म्हणाली. “पोट बिघडतं. पण उगीच माझ्यासाठी नका हो बदलू.”

शेफने दूध ओतून दिलं. मला साबणाने घासलं, मग पुन्हा घासलं, आणि काठोकाठ स्वच्छ पाणी भरलं.