बोडक्या मानेचा कोंबडा

रिठ्याच्या पाण्यात धुतलेली पिसं मरिया सुपात एकेक करून मांडत होती. उन्हात टाकली तर रंग उडतो, म्हणून सावलीला. आणि वाऱ्याला लागली तर पिसंच उडतात, म्हणून वाऱ्याकडं पाठ करून. तिचा नवरा आमोस नगरच्या छावणीतल्या एका सायबाचा खानसामा. सायबाला भीमेवर मासे धरायचा नाद. गळाला गांडूळ लावणं त्याला कमीपणाचं वाटे. माशाला भुलवायला गळावर कोंबड्याची पिसं दोऱ्यानं बांधून तो खोटी माशी करायचा. पिसं तयार करून द्यायची मरियानं.

या खेपेला त्याला तांबड्या मानेची पिसं हवी होती. तसा कोंबडा काष्टीच्या बाजारातही मिळेना. वस्तीत होता एकच, थोरल्या जावेचा. पण साळूबाई पीस कसलं, कोंबड्याची बांगसुद्धा कुणाला फुकट देणारी नव्हती. मग ती खुरपायला गेलेली बघून मरियानं कोंबडा पाटीखाली कोंडला आणि कार्यभाग उरकला.

"ए मरिये!" साळूबाई कोंबडा काखोटीला घेऊनच आली. "ह्याची मान कुनी सोलली गं?"

"मला काय ठावं, आक्का? मुंगसानं धरला आसंल."

"मुंगूस मान धरतंय का हजामत करतंय?"

मरियाला हसू फुटलं, ती हलली, आणि नेमकी वावटळ आली. सुपातली पिसं भिरभिरत साळूबाईच्या डोक्यावर बसली. तिनं एक काढून हुंगलं.

"मुंगसानं रिठ्यानं धुतली बी व्हय?"

"चुकलं, आक्का. सायबाला सांगू नगा, ह्यांची नोकरी जाईल."

"न्हाई सांगत. पन ह्या पिसावर घावंल त्यो मासा माझा!"

मरियानं पिसं वेचली, कसर लागू नये म्हणून तंबाखूच्या पानांसंगं पत्र्याच्या डब्यात भरली आणि सायबाकडं धाडली.

रविवारी सायबानं भीमेवर त्याच पिसांच्या माशीला हातभर खडस काढला. मासा आमोसच्या हातात देतोय तोच साळूबाई कोंबडा घेऊन पुढ्यात उभी. तिला अडवायला मरिया मागून धावत आली.

"मुर्गे को क्या हुआ?" सायबानं विचारलं.

साळूबाईनं मरियाकडं बोट केलं. मरिया घाईनं म्हणाली, "सायेब, तुमच्या माशीसाठी ह्या बाईनं आपल्या कोंबड्याची मान बोडकी केली. लई मोठं मन तिचं!"

सायेब गहिवरला. त्यानं कोंबड्यासमोर टोपी काढली. कोंबड्यानं टोपीलाच टोच मारली. सायेब खो खो हसला आणि मासा साळूबाईच्या पदरात घातला.

मोठ्या मनाची बाई तोऱ्यात घरी निघाली. मरियाही हळूच मागं वळायला लागली, तशी साळूबाईनं तिचं मनगट धरलं.

"कुटं निगालीस? पिसं तू काढलीस, आता खवलं बी तूच काढ. आन् जेवायला आमोसला घिऊन ये."