एक्केचाळीस नंबरचा दगड

नऊ दिवस झाले, मंडईतलं दोनशे वर्षांचं कारंजं माझ्या डाव्या तळहातावर उभं आहे. चूक माझीच. दुरुस्ती करताना टेकू दिल्याशिवाय दगड काढायचा नाही, हे मीच सगळ्यांना शिकवतो. पण एक्केचाळीस नंबरच्या दगडाचा पार भुगा झाला होता, माणूस टेकू आणायला गेला होता. म्हटलं, मिनिटभराचा तर प्रश्न, आणि हात घातला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

टेकू आला, पण माझ्या हाताशेजारी तो उभाच राहीना. येसबा मिस्त्री रोज नवा दगड घडवून आणतात. रोज तो दोन सूत कमी पडतो.

"सायेब, हात वाढतोय तुमचा."

"हात नाही, फट वाढतेय. नीट मापा."

"हातच वाढतोय."

दुखत नाही. भाजीवाल्या आता माझ्या कोपराला पिशव्या अडकवतात.

आमची एक पद्धत आहे. दगड बसला की मी पाणसळ ठेवतो, बुडबुडा मध्ये आला की "पास" म्हणतो, मग येसबा त्यावर लाल रंगानं नंबर टाकतात. नंबर पडलेला दगड पुन्हा हलत नाही. माझा बुडबुडा अजून कडेलाच आहे, म्हणून मी बिननंबरचा.

रविवारी माझ्या मुलीचा, केतकीचा, तबल्याचा पहिला कार्यक्रम. पहिल्या रांगेत बसायचं मी कबूल केलं होतं.

शनिवारी दुपारी ती डबा घेऊन आली.

"बाबा, तुम्ही नसाल तर मी वाजवणार नाही."

"वेडी आहेस का? जा घरी."

"सरका जरा. मी धरते, तुम्ही जेवून घ्या."

मी नको म्हणेपर्यंत तिनं डावा हात आत घातला. माझा अलगद निघाला. नऊ दिवसांनी मूठ मिटली. अहाहा, काय बरं वाटलं!

येसबांनी फट मापली. सुताचाही फरक नव्हता. सवयीनं मी पाणसळ ठेवली. बुडबुडा जरा डुलला आणि बरोबर मध्ये येऊन थांबला. तीस वर्षांत इतकी अचूक पातळी मी पाहिली नव्हती.

"पास," मी म्हणालो.

केतकी मोकळ्या हातानं दगडावर ठेका धरून उभी होती. येसबांनी तिची बांगडी हळूच वर सारली, मनगटावर चार काढला, आणि एक काढायला ब्रश पुन्हा रंगात बुडवला.