सासऱ्यांचं नाव

बेगीमाय बर्फातून धावत आली, फाटकाला धरून थांबली, तोंड उघडलं आणि नेमकी तिथेच तिची वाचा बसली. चौथ्यांदा.

"अगं, नवरा चालला तुझा. हाक कोण मारणार, मी?" दिग्दर्शिका चिनारा म्हणाली.

टूथपेस्टची एक जाहिरात, एका मालिकेत दोन वाक्यांची नर्स आणि टीव्हीवर वर्षभर हवामान, एवढ्या शिदोरीवर बेगीमायला हा पहिला सिनेमा मिळाला होता. त्यासाठी तिचा जीव तुटत होता. पण सिनेमातल्या नवऱ्याचं नाव होतं असानकुल, आणि सासऱ्यांचंही तेच. त्यांच्याकडे सून सासऱ्यांचं नाव घेत नाही. मग त्यांना जाऊन सहा वर्षं का होईनात. कागदावर वाचताना तिला वाटलं होतं, वेळेला निघेल तोंडातून. कसलं निघतंय!

"ताई, नाव बदललं तर?"

"अर्धा सिनेमा त्याच नावानं बोलून झालाय, बाई. उद्या सकाळी हाक मारलीस तर ठीक, नाहीतर दुसरी बघते."

घरी येऊन तिनं सासूबाईंना, कालीपांना, रीतीप्रमाणे अर्धी वाटी चहा दिला आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. कालीपांनी तीन वाट्या चहा संपवला. उठताना म्हणाल्या, "सकाळी माझे बूट काढून ठेव. मी येते."

झालं, आता सिनेमा गेलाच, असं बेगीमायनं मनाशी धरलं. मोरीत जाऊन ती पोटभर रडली.

सकाळी कालीपा थेट त्या फाटकापाशी गेल्या. लाकडावरून हात फिरवत म्हणाल्या, "आपलंही फाटक असंच होतं. हे ट्रककडे निघाले, टोपी घरातच राहिली. मी दारातून 'अहो, ऐकलंत का' करत राहिले. रस्त्यावर दहा माणसं. कोण वळणार? मग खिंडीतून घरी आणले ते चादरीनं झाकूनच."

मग त्या सुनेकडे वळल्या.

"चाळीस वर्षांत एकदाही नाव घेतलं नाही मी. तू मार हाक. चांगली जोरात मार. घराचा मान मी बघते."

कॅमेरा सुरू झाला. बेगीमाय धावली, फाटकाला धरून थांबली.

"असानकुल!"

दूर गेलेला नट थबकला आणि मागे वळला.

"वा, झालं," चिनारा म्हणाली. "चला, पुढचा शॉट."

माणसं सामान उचलायला लागली. कालीपा मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांची नजर अजून रस्त्यावरच होती.

"वळला गं तो," त्या म्हणाल्या.

"हो आई. चला, थंडी आहे."

कालीपांनी सुनेची बाही धरली.

"तिला सांग ना," त्या हळूच म्हणाल्या, "अजून एकदा घे म्हणावं."