पूल खचला त्या वर्षीचा उतार

साल एकोणीसशे एक्याऐंशी. त्या वर्षी तळ्यापलीकडचा पूल मधोमध खचला, लाकडाने भरलेले ट्रक नदीच्या पलीकडेच अडकले आणि अलीकडचा सगळा डोंगरी रस्ता मोकळा पडला. त्या रस्त्यावर नुकतीच बारीक खडी पसरून रोलर फिरवला होता. वर डांबर पडायचं, ते राहूनच गेलं. एवढा रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना आभाळाला टेकलेलं जंगल, आणि हॉर्न म्हणून कानावर पडेल तर शपथ. गावाला जणू सायकलीचं वेडच लागलं. माळ्यांवरून, अडगळीतून, जिन्याखालून गंजक्या सायकली निघाल्या आणि सगळ्या येऊन थडकल्या एकाच दारात, कारण गावात सायकलीचं दुकान एकच होतं.

दुकान एका खोलीचं. भिंतीवर खिळ्यांना टायर, कोपऱ्यात पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, आणि मधोमध जमिनीत रोवलेला लोखंडी स्टँड. सायकल त्याच्यावर चढवली की दोन्ही चाकं अधांतरी. मग वहिनी (सगळं गाव तिला वहिनीच म्हणायचं) सीटवर बसायची आणि पायडल मारायची, आणि दुकानदार, म्हणजे तिचा नवरा, मागच्या चाकापाशी उकिडवा बसून आरे कसायचा. तो "हाण" म्हणाला की वहिनी हाणायची, "बास" म्हणाला की तिचे पाय जागच्या जागी थांबायचे. मान मागे वळवून ती फिरत्या चाकाकडे डोळे लावून बसायची. "डावीकडे मारतंय अहो, अजून एक आरा कसा," असं म्हणायची, आणि ते चुकायचं नाही. लग्न झाल्यापासून हेच. तिने मारलेली पायडलं रस्त्यावर उतरली असती तर बाई पृथ्वीला वळसा घालून परत आली असती. प्रत्यक्षात ती उंबरासुद्धा ओलांडून गेली नव्हती.

कारण वहिनीला सायकल येत नव्हती.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माशाला कुणी विचारतं का, तुला पोहता येतं का म्हणून? गिऱ्हाइकं येऊन तिला सल्ला विचारत, आणि तीही बेधडक देई. "उतारावर मागचा ब्रेक आधी. खडीवर हँडल आवळून धरायचं नाही, चाक सरकलं तर सरकू द्यायचं." दुसऱ्या गिऱ्हाइकांकडूनच ऐकलेलं सगळं. नवऱ्याला तरी सांगावं, तर तो लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, "तुला येतेच म्हणा सायकल, नाहीतर इतकं छान पायडल कोण मारतं!" तेव्हा ती लाजली, आणि खरं सांगायचं तसंच राहून गेलं. तो स्वतः सायकल हाताने धरून चालत न्यायचा. "आपल्या मालावर आपण बसू नये, गिऱ्हाइकाला जुना वाटतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

एके दिवशी त्याची थोरली बहीण दुकानात शिरली. ही पोस्टात खिडकीवर बसायची, आणि खिडकीच्या काचेपलीकडून बोलायच्या सवयीने तिचा आवाज कायमचा चढलेला.

"ऐकलंस का वहिनी? पूल झाला! सोमवारपासून ट्रक सुरू. मग कसली सायकल नि कसलं काय. म्हणून रविवारी आम्ही सगळ्या बायका खिंडीपर्यंत चढणार आणि जंगलातून थेट तळ्यापर्यंत उतरणार. मी सगळ्यांना सांगून टाकलंय, पुढे आमची वहिनी!"

वहिनीने तोंड उघडलं ते "नाही" म्हणायला. बाहेर पडलं, "बरं ताई."

फजितीची धास्ती होतीच. सायकलवाल्याची बायको पहिल्याच वळणावर आडवी झाली असती, तर गावाला वर्षभराचा विषय झाला असता. पण तिला खरी चुटपुट लागली ती निराळ्याच गोष्टीची. सोमवारी ट्रक आले की तो रस्ता गेला. इतके महिने दारात बसून तिने लोकांना तिकडून येताना पाहिलं होतं. केस विस्कटलेले, गाल लाल, काय सांगू नि काय नको असं झालेले. ते काय असतं, हे तिला एकदा तरी बघायचं होतं. रविवार हुकला तर मग कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला ती दुकानातली हिरवी, जाड टायरांची सायकल घेऊन शेवटच्या घरापलीकडे गेली. तिथे रस्ता सपाट होता आणि बघायला फक्त पाखरं होती. ती सीटवर बसली, दणक्यात पायडल मारलं आणि सवयीने मान वळवून मागच्या चाकाकडे बघू लागली. चाक अगदी सरळ फिरत होतं. त्याचं कौतुक करता करता ती सायकलीसकट चरात गेली.

बाहेर आली, पुन्हा बसली, पुन्हा मागे बघितलं, पुन्हा चर. तिसऱ्या वेळी चरातून डोकं वर काढते तर समोर नणंद, सकाळचा फेरफटका मारायला आपल्या सायकलवर निघालेली.

"वहिनी! तुला सायकल येत नाही?"

"येते की," चरातून उत्तर आलं. "फक्त जमिनीवर येत नाही."

नणंद हसायला लागली ती रस्त्यातच फतकल मारून बसली. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग वहिनीलाही आवरेना. दोन बायका खडीत बसून पोट धरून हसताहेत, एकीच्या अंबाड्यात पालापाचोळा. शेवटी नणंदेने डोळे पुसले.

"कुणाला बोलणार नाही मी. पण रविवारी पुढे तूच. ऊठ."

त्यानंतर रोज सकाळी नणंद मागून सीट धरून पळायची आणि ओरडायची. "पुढे बघ गं बाई, पुढे! मागे काय माहेर राहिलंय?" मान एकदाची पुढे वळली, आणि तोल असा आला, जसा काही तो तिचाच होता आणि कुठे तरी ठेवून विसरली होती. एक खोड मात्र जाईना. थांबायचं म्हटलं की तिला कुणीतरी "बास" म्हणावं लागे. तो शब्द ऐकल्याशिवाय पाय थांबतच नसत, आणि हात ब्रेकवर जातच नसत.

"आणि मी जवळ नसले तर?" नणंदेने विचारलं.

"तर मी जात राहीन," वहिनी म्हणाली. आणि हे म्हणताना ती घाबरली नव्हती, याचं दोघींनाही नवल वाटलं.

रविवारी दुकानदार भल्या सकाळी पंप आणि पंक्चरचं सामान सायकलीला बांधून एकटाच निघाला. "मी तळ्यापाशी थांबतो. कुणाचं काही बिघडलं तर तिथे बघू." सायकल हाताने धरून तो वळणाआड दिसेनासा झाला.

बायका खिंडीपर्यंत सायकली ढकलत चढल्या. चढावर सगळ्याच ढकलतात, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. गाण्याच्या बाई, अंगाने भरलेल्या, दर वळणावर "मी इथेच राहते, येताना मला घेऊन जा," म्हणत होत्या. खिंडीत वारा अंगावर आला. खाली उन्हाच्या तिरिपांतून रस्ता झाडांमध्ये शिरत होता आणि पार तळाशी तळं चकाकत होतं.

"चल वहिनी," नणंद म्हणाली.

वहिनी सुटली.

आधी चाकाखाली खडीची कुरकुर होती, मग सरसर, मग नुसता एक लांबलचक खर्‌र आवाज, जसा कुणी पोतंभर तांदूळ डोंगरावरून ओतावा. झाडं उभी राहीनात. वळणावर मागचं चाक सरकलं. सरकू द्यायचं, हे तिचंच वाक्य तिला आठवलं. तिने दिलं, आणि चाक आपणहून जागेवर आलं. म्हणजे इतके दिवस ती खरंच सांगत होती! तिला हसू फुटलं. तोंड उघडं, त्यात वारा, डोळ्यांत पाणी. मागून नणंद काहीतरी ओरडत होती, आणि तिच्याही मागून गाण्याच्या बाईंनी असा सूर लावला होता की तो आनंदाचा की भीतीचा हे कळायला मार्ग नव्हता.

शेवटचं वळण संपलं. सपाटी आली, तळं आलं, आणि तळ्याच्या काठी उभा असलेला नवरा आला. वाऱ्यासारखी येणारी बायको बघून तो हादरला आणि त्याच्या तोंडून सवयीने तोच शब्द निघाला.

"बास!"

वहिनीचे पाय क्षणभर अडखळले. मग तिने नवऱ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून, आणि दणक्यात पायडल हाणलं. ती त्याच्यासमोरून निघून गेली.

"अगं ए! बास! बास म्हणतोय ना!" तो सायकल धरून तिच्यामागे पळू लागला. पंप खाली पडला, डब्यातलं सामान रस्ताभर सांडलं, तो पळतोच आहे.

मागून पोचलेली नणंद खेकसली, "अरे, पळतोस काय? बस की त्या सायकलवर!"

तो थांबला. धापा टाकत त्याने हातातल्या सायकलीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"मला येत नाही," तो म्हणाला.

"लहानपणी पडला होतास. पण नंतर शिकलास ना?"

"नाही. येते का, असं कुणी विचारलंच नाही."

नणंद तिथेच, रस्त्याच्या मधोमध, दुसऱ्यांदा फतकल मारून बसली.

वहिनीला हे काही ऐकू गेलं नाही. तळ्याला वळसा घालून रस्ता थोडा चढला, सायकल आपोआप मंदावली, आणि समोर नवा कोरा पूल दिसला. तेव्हा ती स्वतःच मोठ्याने म्हणाली, "बास." पाय थांबले. हात ब्रेकवर गेले. तिने एक पाय खडीवर टेकवला आणि मागे वळून बघितलं, पण चाकाकडे नाही, सबंध डोंगराकडे.

सोमवारी ट्रक आले. पुढच्या हिवाळ्यात रस्त्यावर डांबर पडलं. नणंदेची बदली झाली. नव्या गावच्या पोस्टातही ती सायकलवरच जायची, आणि निवृत्त झाली त्या दिवशी दोन सीटांची सायकल घेऊन माहेरी परत आली. गाण्याच्या बाई पुन्हा कधी सायकलवर बसल्या नाहीत, पण त्या उताराची गोष्ट त्यांच्याइतकी रंगवून कुणी सांगत नसे, आणि त्यांच्या गोष्टीत सगळ्यांत पुढे त्याच असायच्या. दुकानदाराला वहिनीने शिकवलं, शेवटच्या घरापलीकडे, मागून सीट धरून. तो शिकला, पण उतार आला की खाली उतरून चालायचं त्याने अखेरपर्यंत सोडलं नाही. आता तो नाही.

पुढे नदीवर दुसरीकडे मोठा पूल झाला, ट्रक तिकडून जाऊ लागले, आणि जुन्या रस्त्यावरचं डांबर उखडून पुन्हा खडी दिसू लागली. जाड टायरांच्या सायकली घेऊन लांबलांबून पोरं येतात. दुकान आता वहिनीची भाची बघते. वहिनीला फारसं दिसत नाही. दारात खुर्ची टाकून ती बसते, आत स्टँडवर फिरणाऱ्या चाकाचा आवाज ऐकते, आणि भाचीला सांगते, "डावीकडे मारतंय. अजून एक आरा कस."

हिरवी सायकल मात्र तिने विकू दिली नाही. टायरांत हवा भरलेली असते.