बारा पॉइंट चार

दाताच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं काम करते आहे. सकाळी नऊपासून लोकांच्या उघड्या तोंडात वाकायचं, लाळ ओढणारी नळी धरायची, काढलेली दाढ ट्रेमध्ये झेलायची. मला किळस सहसा येत नाही. येणारी असती तर पहिल्या आठवड्यातच पळून गेले असते. पण त्या रविवारी आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत शिट्टीसरांना केक खाताना पाहिलं आणि मला किळस आली.

शाळेनं जुन्या खेळाडूंचा आणि प्रशिक्षकांचा सत्कार ठेवला होता. शिट्टीसर म्हणजे आमचे खेळाचे सर. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेच्या मैदानावर राज्य केलं, निवृत्त होऊन सोळा झाली, आता चौऱ्याहत्तरीला टेकले होते. मिशीला क्रीम लागलेलं, तोंडात घास तसाच, आणि मला बघून म्हणाले, "आली माझी घोडी!"

मी बेचाळीस वर्षांची आहे. खोलीत आणखी आठ-दहा जण होते, ते सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचा मला जास्त राग आला.

बाहेर व्हरांड्यात नवी गौरवभिंत उभारली होती. वरती सरांचा फोटो, दाराएवढा. त्याखाली आम्ही, वहीएवढे. मधोमध मी, सोळा वर्षांची, फीत छातीला लागलेली, तोंड आ वासलेलं, आमच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यासारखी. खाली पितळी पट्टी: शंभर मीटर, मुली, बारा पॉइंट चार सेकंद, शाळेचा विक्रम, सव्वीस वर्षं अबाधित.

तो विक्रम खोटा आहे. आणि हे मला दहा वर्षांपासून माहीत होतं.

सांगते कसं. रविवारी मी शर्यतींना वेळ लावायला जाते, मैदानाची ओढ काही सुटत नाही म्हणून. त्यासाठी एक परीक्षा द्यावी लागते. तिचा पहिलाच धडा असा: पिस्तूल सुटतं सुरुवातीच्या रेषेवर, आणि घड्याळवाला उभा असतो शंभर मीटर लांब, शेवटच्या रेषेवर. पिस्तुलाचा धूर तिथून लगेच दिसतो, आवाज मात्र चालत येतो. म्हणून धूर दिसला की घड्याळ दाबायचं, आवाजाची वाट बघायची नाही. आवाजावर दाबलंत तर पोरीला तीन दशांश सेकंद फुकट मिळतात. शिकवणारे गृहस्थ फळ्यावर हे लिहीत होते आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. शिट्टीसर शाळेच्या शर्यतीला कसे उभे राहायचे ते मला लख्ख आठवलं. रेषेकडे पाठ, तोंड पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे, गप्पा चालू, आणि ठो ऐकू आला की अंगठा खाली.

म्हणजे मी बारा पॉइंट सात धावले होते. चांगलीच धावले होते, पण सात.

तीन दशांशासाठी एवढं काय, असं कुणाला वाटेल. शाळेबाहेरच्या स्पर्धांना घड्याळं दुसऱ्यांची असायची. तिथे मी नेहमी बारा पॉइंट सात, पॉइंट आठ. परत येताना बसमध्ये सर सगळ्यांदेखत बोलायचे, "घरात वाघीण आणि बाहेर गेली की उंदराचं काळीज. परक्यांसमोर हिचे पाय लटपटतात." एकदा कानाखाली वाजवली होती. मी ते खरं मानलं. बारावीनंतर धावणं सोडलं ते त्याच भीतीनं. पुढे नोकरीच्या मुलाखतीलाही तेच आठवायचं, परक्यांसमोर आपले पाय लटपटतात. आणि मी बिचारी सगळीकडे एकाच वेगानं धावत होते!

मग दहा वर्षं गप्प का बसले? भिंतीवरच्या फोटोसाठी, दुसरं काय. माणसं रस्त्यात थांबवून सांगायची, तुमचा विक्रम अजून कुणी मोडला नाही हो. गोड लागतं ते. फुकटचं असलं तरी गोडच लागतं.

आता माझ्या बहिणीची मुलगी. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण पाळण्यातसुद्धा ती एका जागी ठरली नाही. ती याच शाळेत शेवटच्या वर्षाला. शाळेचा नियम असा की विभागीय स्पर्धेला तीच मुलगी पाठवायची जी शाळेच्या विक्रमाची बरोबरी करेल किंवा तो मोडेल. पंधरवड्यापूर्वी निवड चाचणी झाली. भिंगरी बारा पॉइंट सहा धावली. घड्याळ माझ्याच हातात होतं, धुरावर दाबलेलं, अगदी नियमानं. आणि मीच तिला म्हणाले, "दोन दशांश कमी पडलीस गं."

तिनं घरी जाऊन बूट पुसले, खोक्यात घातले आणि खोकं कपाटावर ठेवून दिलं. बहीण फोनवर सांगत होती, पोरगी जेवायला बसते आणि नुसती चिवडत राहते. सोमवारी यादी जाणार होती. शंभर मीटरच्या मुलींपुढची जागा रिकामी. भिंगरीला पुढचं वर्ष नव्हतं.

सत्काराच्या कार्यक्रमात शेवटी एक प्रदर्शनाची शर्यत होती. सहा मुली धावणार, त्यात भिंगरी. आणि मानाचं घड्याळ शिट्टीसरांच्या हातात.

तर शिक्षकखोलीत सरांनी मला हाताला धरून खिडकीपाशी नेलं. केकचा आणि जुन्या कवळीचा वास एकत्र आला. तो वास मी रोज घेते, पण रोज मला कुणी दंडाला धरून ठेवत नाही.

"तुझी भाची म्हणे दोनसाठी अडकली," ते हळूच म्हणाले.

"हो."

"आज घड्याळ माझ्याकडे आहे. तुला दिलं तसं तिलाही देतो. मोठ्या बाईंशी बोललोय मी, आजची वेळ धरतील त्या. सत्काराच्या दिवशी विक्रम मोडला, मोडणारी कोण, तर जुन्या विक्रमवालीची भाची! पेपरात येईल बघ."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. "तुला दिलं तसं म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, न कळायला मी काय दूधखुळा आहे?" सर हसले. दातांच्या फटीत केक. "शाळेला विक्रम लागतात. पाहुण्यांना विक्रम लागतात. धुराकडे बघत बसणारा मास्तर जन्मभर मास्तरच राहतो."

"आणि बसमध्ये मला जे बोलायचात ते?"

"बाहेर वेळ पडायची ना तुझी. काहीतरी कारण सांगायला नको?"

इतकं सहज! जणू छत्री कुणाची होती ते सांगत होते. मला त्यांची शिसारी आली, मिशीची, बोटांची, त्या दाराएवढ्या फोटोची. पण खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी माझ्या मनानं हिशेबही केला होता. बारा पॉइंट सहा वजा तीन. बारा पॉइंट तीन. भिंगरी यादीत. कुणाचं काही बिघडत नाही, माझा फोटोही भिंतीवर राहतो, "जुना विक्रम" म्हणून. हे मला हवंसं वाटलं. सरांपेक्षा जास्त शिसारी मला तेव्हा माझी आली.

"बरं," एवढंच म्हणून मी बाहेर पडले. ते "बरं" होकाराचं होतं की कसलं, मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

कार्यक्रम मैदानावर, शेवटच्या रेषेजवळ बांधलेल्या स्टेजवर. भाषणं झाली. एकानं सरांना शिल्पकार म्हटलं, दुसऱ्यानं दीपस्तंभ, तिसऱ्याला काही उरलं नाही म्हणून त्यानं दोन्ही म्हटलं. आमच्या वेळचा गोळाफेकवाला, आता फर्निचरचं दुकान चालवतो, माझ्या शेजारी बसून घाम पुसत होता. "यांनी माझ्या पाठीत वेताच्या छड्या मोडल्यात," तो पुटपुटला, आणि नाव पुकारल्यावर जाऊन सरांच्या पाया पडला. परत येऊन म्हणाला, "सवय गं, दुसरं काय."

मग माझं नाव आलं. सरांनी माझ्या गळ्यात पदक घातलं आणि माइकवर सांगितलं, "ही घोडी मी तयार केली. बाहेर जरा बुजायची, पण घरच्या मैदानावर वारा होती वारा."

पुन्हा तेच. सव्वीस वर्षांनी, सगळं माहीत असताना, चारशे माणसांसमोर तेच. लांब सुरुवातीच्या रेषेवर भिंगरी पाय झटकत उभी होती. ती वर बघून ऐकत होती. उद्या हा माणूस तिच्याबद्दलही हेच बोलणार हे मला दिसलं. घरी बारा पॉइंट तीन, आणि विभागीय स्पर्धेत पॉइंट सहा आले की, उंदराचं काळीज, मावशीसारखं.

मी माइक घेतला. "माझा विक्रम खरा नाही. मी बारा पॉइंट सात धावले होते. सरांनी घड्याळ उशिरा दाबलं होतं."

टाळ्या पडल्या. अहो, टाळ्या! लोकांना वाटलं मी विनयानं बोलते आहे. पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "किती नम्र!" सर मान डोलवत हसत होते.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी पलीकडे पिस्तूल घेऊन उभ्या असलेल्या नव्या सरांना ओरडून सांगितलं. ते शिट्टीसरांच्या जागी येऊन सोळा वर्षं झाली तरी आम्ही त्यांना नवे सरच म्हणतो. "सर, पोरींना पळवू नका. नुसतं पिस्तूल वाजवा. आणि तुम्ही सगळे तिकडे बघा. धूर आधी दिसेल, आवाज नंतर येईल. त्या दोन्हीच्या मध्ये जेवढं आहे, तेवढा माझा विक्रम आहे."

त्यांनी पिस्तूल उडवलं. एक मुलगी सवयीनं दहा पावलं पळाली आणि ओशाळून परत गेली. धुराचा पांढरा पुंजका दिसला, आणि मग, थोडंसं मागाहून, ठो. पुन्हा एकदा वाजवायला सांगितलं. दुसऱ्या वेळी कुणी टाळी वाजवली नाही.

"माझा गोळा टेपनं मोजलाय बाबा," गोळाफेकवाला मोठ्यानं म्हणाला. "माझं काही जात नाही." दोन-चार जण हसले.

सरांचा चेहरा उतरला नाही. असल्या माणसांचा उतरत नाही. ते माइकवर शांतपणे म्हणाले, "भाचीसाठी चाललंय हे सगळं. पोरगी दोन दशांशांनी पडली, तर मावशी विक्रम खाली ओढतेय." आणि लोकांनी माझ्याकडे पाहिलं ते त्या नजरेनं. त्यांना पटलं. मलाही क्षणभर पटलं, म्हणजे बघा.

मोठ्या बाई उठून आल्या. चांगल्या बाई आहेत, सरांच्या नंतरच्या. "बारा पॉइंट सात असेल तर चाचणीत तुमच्या भाचीनं तो मोडलाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिचं नाव यादीत जायला हवं. पण हे तुम्ही चाचणीच्या दिवशी का नाही सांगितलंत?"

तोवर भिंगरी आली होती. शंभर मीटर ती चालत आली, धावायचे बूट घालून, सावकाश. स्टेजच्या पायरीशी थांबली. तिनं सगळं ऐकलं होतं, माइक चालूच होता.

"मावशी, तुला कधी कळलं हे?"

"दहा वर्षं झाली."

"म्हणजे चाचणीच्या दिवशी माहीत होतं."

"हो."

"तू मला म्हणालीस, कमी पडलीस."

"हो गं."

ती रडेल असं वाटलं, माझ्या गळ्यात पडेल असंही वेड्यासारखं वाटलं. तिनं सरांकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा राग त्यांच्यासाठी नव्हता. ते तिचे कोण होते? भिंतीवरचा एक फोटो. घड्याळ घेऊन तिच्यासमोर मी उभी होते.

ती मोठ्या बाईंकडे वळली. "बाई, माझं नाव यादीत घाला. मी धावेन. पण पुढच्या शर्यतीला वेळ लावायला मावशी नकोत."

मला ती जन्मापासून अगं-तुगं करते, हे "नकोत" पहिल्यांदाच. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली, आणि त्यांनी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या.