दारावरचा तळवा

युद्धाचे मोठेपण त्याने केलेल्या संहारावरून ठरवावे, असे माझ्या सासऱ्यांचे मत होते. त्याने मागे ठेवलेल्या सवयींवरून ठरवावे, असे माझे. आम्ही दोघेही इतिहासाचे अभ्यासक, एकाच घरात राहणारे आणि एकाच टेबलावर जेवणारे, त्यामुळे हा वाद विझायला कधी सवडच मिळाली नाही. आपल्या घराण्यात दोनच युद्धे झाली आणि दोन्ही रोज होतात, असे माझी बायको म्हणत असे.

सासऱ्यांचे युद्ध म्हणजे दोन सूर्यांचे युद्ध. त्यात एक सूर्य विझवला गेला, त्याच्याभोवतीचे ग्रह गोठले, आणि वाचलेल्यांपैकी काहींनी या निर्वात चंद्राच्या पोटात आमचे शहर खोदले. माझे युद्ध त्यानंतरचे आणि याच शहरातले: वरच्या पेठा आणि खालच्या पेठा यांच्यातले श्वासयुद्ध. हवेचा कारखाना वरच्यांच्या हाती होता. ते खालच्यांची एकेक खोली हेरून तिच्यातली हवा काढून घेत. अशी खोली थंड पडे आणि तिचे लोखंडी दारही थंड पडे. म्हणून दार उघडण्यापूर्वी त्यावर तळवा टेकवायचा आणि ऊब लागली तरच आत शिरायचे, हे खालच्यांचे आयुष्य होऊन बसले. पुढे तह झाला, हवा सर्वांची झाली, वरच्या-खालच्यांच्या सोयरिकी जुळल्या. आज निर्वात खोली शोधूनही सापडणार नाही. तरीही या शहरात दारावर तळवा टेकवल्याखेरीज कोणी आत जात नाही. का, असे विचारले तर ‘रीत आहे’ एवढेच उत्तर मिळते.

वाद घरात होता तोवर बरे होते. पण संग्रहालय लहान इमारतीत हलवायचे ठरले आणि तिथे प्राचीन युद्धांसाठी एकच दालन निघाले, तेही एकाच वस्तूपुरते. एका बाजूला विझलेल्या सूर्याची भव्य पितळी प्रतिकृती, दुसऱ्या बाजूला खालच्या पेठेतले एक लोखंडी दार, तळवे टेकून टेकून मध्यभागी खोलगट झालेले. जे हरेल ते ओतशाळेत वितळणार होते. आमच्या शहरात धातू आठवणींसाठी अडकवून ठेवण्याची ऐपत नाही. निर्णय तिघांच्या समितीकडे होता: अध्यक्षा पेशाने शल्यविशारद, दुसरे वास्तुकार, तिसरे निवृत्त यानचालक. बाजू मांडायची होती आम्ही दोघांनी.

सुनावणी जवळ आली तशी बायको अस्वस्थ दिसू लागली. शेवटी तिने मला बाजूला घेऊन सांगितले.

“बाबांचं काहीतरी बिनसलंय. दाराला हात न लावताच आत येतात. आणि आल्यावर धाप लागते त्यांना.”

मी लक्ष ठेवले. ती म्हणत होती ते खरे होते. सासरे सरळ दार ढकलून खोलीत येत, खुर्चीपर्यंत जात आणि मग दोन-तीन वेळा खोल दम घेत. वयाने स्मृती नेली आणि आता छातीवरही घाला घातला, असा आम्ही दोघांनी निष्कर्ष काढला. डॉक्टरांचे नाव काढताच ते माझ्यावरच उखडले. जावईबापूंना प्रतिस्पर्धी आजारी ठरवून खटला जिंकायचा आहे, असे त्यांनी सुनावले. मी मुकाट्याने माझ्या भाषणातले बोचरे मुद्दे गाळून टाकले. आजारी माणसावर वार करण्यात कसली आली विद्वत्ता?

सुनावणीत आधी मी बोललो, आणि बेतानेच बोललो. दोन सूर्यांच्या युद्धामुळे हे शहर जन्मले हे मी मान्य केले; पण जन्म देणे वेगळे आणि वळण लावणे वेगळे, आणि आपले वळण श्वासयुद्धाने लावले, एवढेच म्हटले. समितीतले तिघेही आत येताना दाराला तळवा टेकवूनच आले होते, याकडे लक्ष वेधले. यानचालक ओशाळून हसले.

सासऱ्यांची पाळी आली. बाहेरच्या खोलीत राहिलेला नकाशा घेऊन येतो, असे सांगून ते उठले, गेले, आणि परतताना दार सरळ ढकलून आत आले. टेबलापाशी पोचून त्यांनी नकाशा ठेवला, खोल दम घेतला आणि विजयी मुद्रेने सभोवार पाहिले.

“पाहिलंत? या वयात, घरच्या घरी सराव करून मी ही सवय मोडली. जी सराव करून मोडते, तिला वारसा म्हणायचं? आता यांनी सराव करून तो सूर्य पेटवून दाखवावा.”

युक्तिवाद देखणा होता. स्मृती शाबूत होती, उलट धारदार होती. मला आधी हायसे वाटले, मग राग आला, कारण गाळलेले सगळे मुद्दे आता आठवू लागले. वास्तुकारांनी मान डोलावली. दार ओतशाळेच्या वाटेला लागल्यात जमा होते.

पण धापेचे काय? विसरण्याचा उलगडा झाला होता, धापेचा नव्हता. एवढ्यात माझ्या ध्यानात आले की ते आत आले तेव्हा खोलीत कमालीची शांतता पसरली होती, आणि माझी स्वतःची छातीही दडपल्यासारखी झाली होती. मी अध्यक्षांकडे परवानगी मागितली आणि सासऱ्यांना एकच प्रश्न विचारला.

“मामा, दारापासून टेबलापर्यंत तुम्ही श्वास का घेतला नाहीत?”

त्यांनी वळून दाराकडे पाहिले. अध्यक्षांनी लेखणी खाली ठेवली. त्या आपणहून म्हणाल्या, “मीही रोखला होता.” वास्तुकारांनी यानचालकांकडे पाहिले, दोघांनीही होकारार्थी मान हलवली. हाताला लावलेली शिस्त हाताने सोडली होती, पण श्वासाने ती सोडली नव्हती. आणि दाराला न शिवता आलेला माणूस पाहताच तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या फुप्फुसांनी, कुणालाही न विचारता, त्या जुन्या युद्धात भाग घेतला होता.

माझे सासरे वादात कठोर, पण अप्रामाणिक कधीच नव्हते. ते पुन्हा दारापर्यंत गेले, बाहेर जाऊन तसेच आत आले, या वेळी श्वास चालू ठेवण्याचा निश्चय चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. अर्ध्या वाटेत त्यांना दम घेण्यासाठी थांबावे लागले.

“लिहून घ्या,” ते अध्यक्षांना म्हणाले. “माझा सूर्य वितळवा.”

दालन दाराला मिळाले. परतताना ते वाटभर मला बजावत राहिले की दार भिंतीला टांगून चालणार नाही, ते बिजागऱ्यांवर बसवून दालनाचे प्रवेशद्वारच केले पाहिजे, म्हणजे प्रत्येकाचा तळवा त्याच खळग्यात पडेल. आणि एवढे साधे मला सुचले नाही, यावरून माझी बाजू मलाच पुरती कळलेली नाही हे सिद्ध होते. सूचना अचूक होती.

घरी बायको डॉक्टरांची वेळ ठरवूनच बसली होती. सासऱ्यांनी आमच्या दाराला तळवा टेकवला, क्षणभर थांबले आणि संथ श्वास घेत आत आले.

“डॉक्टरांना नको म्हणून कळव,” ते म्हणाले. “मी बरा आहे. नुसता हरलोय.”